आपल्यावाचून अडतं, तेव्हा

डिसेंबरचा दुसरा पंधरवडा उजाडेपर्यंत भंडारा जिल्ह्यात धानाची कापणी आटोपलेली असते, मळणीही उरकत आलेली असते. बांध्या मोकळ्या होतात, सकाळी धुकं पडतं. याच सुमारास साकोली, लाखनी, पवनी, तुमसर या तालुक्यांतल्या खेड्यांत कॉलेजच्या पोरापोरींचे जथे उतरू लागतात. समाजमंदिरासमोर टेम्पो उभा राहतो. त्यातून सतरंज्या, गंज, पराती, फावडी, घमेली आणि टिकाव खाली येतात. भिंतीवर राष्ट्रीय सेवा योजनेच्या विशेष शिबिराचा कापडी फलक लागतो आणि पुढचे सात दिवस हे गाव या मुलांचं घर होतं.

शिबिराचा फायदा काय, असं विचारलं की ठरलेली उत्तरं मिळतात. शिस्त लागते, नेतृत्वगुण वाढतात, निसर्गाची ओढ लागते. ही उत्तरं खोटी नाहीत, पण ती परिणाम सांगतात, कारण सांगत नाहीत. शाळेत शिस्त आहेच, सहलीत निसर्गही असतो. मग जे तिथे घडत नाही ते शिबिरात का घडतं?

पंधरा ते एकवीस या वयात घरात आणि वर्गात तरुणाची जागा बहुतेक घेणाऱ्याची असते. जेवण आई वाढते, फी वडील भरतात, शिकवायचं काम सर-मॅडम करतात. अभ्यास केला नाही तर नुकसान त्याचं एकट्याचं होतं. शेतकऱ्याच्या घरची मुलं रोवणीच्या दिवसांत चिखलात उतरतात, घाम गाळतात, पण कोणती बांधी आधी घ्यायची, मजूर किती लावायचे, हे घरातले मोठेच ठरवतात. शिबिरात पहिल्यांदा असं होतं की ठरवायचं आपण, करायचं आपण, आणि आपलं काम झालं नाही तर सत्तर जणांचं अडणार. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, हे कळणं म्हणजेच मोठं होण्याची सुरुवात. चांगलं शिबिर हा अनुभव प्रत्येकाला देतं. वाईट शिबिरात नेमका तोच राहून जातो.

एका बेटापासून झाडीपट्टीपर्यंत

आज आपण ज्याला युवक शिबिर म्हणतो त्याचा एक उगम इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर सापडतो. १९०७ च्या ऑगस्टमध्ये रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी वीसेक मुलांना घेऊन तिथे तंबू ठोकले. काही मुलं श्रीमंतांच्या निवासी शाळांतली होती, तर काही कामकरी घरांतली. एरवी जी मुलं एकमेकांच्या वाऱ्यालाही उभी राहिली नसती, त्यांची बेडन-पॉवेलांनी चार तुकड्यांत सरमिसळ केली, प्रत्येक तुकडीला तिच्यातलाच एक नायक दिला आणि तुकडीची जबाबदारी त्याच्यावर सोपवली. स्काऊट चळवळ पुढे जगभर पसरली. त्यात या लहान तुकडीच्या युक्तीचा वाटा मोठा आहे. पन्नास मुलांच्या गर्दीत लपायला जागा असते, पण सहा-सात जणांच्या तुकडीत एकाने अंग चोरलं की लगेच दिसतं.

भारतात स्काउटिंग आलं ते आधी इंग्रज आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना त्यात शिरकाव नव्हता, म्हणून अ‍ॅनी बेझंट यांनी मद्रासेत आणि पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादेत वेगळ्या संघटना काढल्या. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, विखुरलेल्या संघटना एक झाल्या आणि भारत स्काऊट्स आणि गाइड्सचा जन्म झाला.

दुसरा प्रवाह श्रमशिबिरांचा. पहिल्या महायुद्धाने फ्रान्समधल्या व्हेर्दंजवळची गावं बेचिराख केली होती. स्वित्झर्लंडच्या पिएर सेरेसोल यांनी १९२० मध्ये तिथल्या एस्न या गावी निरनिराळ्या देशांचे स्वयंसेवक नेले. कालपर्यंत शत्रू असलेल्या देशांची माणसं एकत्र राहून घरं उभारू लागली. त्यातून सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संघटना घडली. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर सेरेसोल भारतात मदतीला आले आणि १९५० च्या दशकात याच संघटनेचे परदेशी स्वयंसेवक वरोऱ्याजवळच्या बाबा आमट्यांच्या आनंदवनात राहून बांधकाम करू लागले. कुष्ठरोग्याच्या सावलीलाही लोक भीत असत, त्या काळात दूरदेशीची तरुण मुलं तिथे विटा वाहत होती. पुढे बाबा आमट्यांनी चंद्रपूर जिल्ह्यात, मूल तालुक्यातल्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली. विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात महाराष्ट्रभरातले तरुण तिथे जात, सकाळी कुदळ चालवत आणि नंतर देशाच्या प्रश्नांवर वाद घालत. आपल्या राज्यातल्या कितीतरी सामाजिक कार्यकर्त्यांची पहिली ओळख स्वतःशी झाली ती इथे.

पुण्यात ४ जून १९४१ रोजी उभं राहिलेलं राष्ट्र सेवा दल हा तिसरा प्रवाह. एस. एम. जोशी, ना. ग. गोरे, शिरूभाऊ लिमये हे त्याचे शिल्पकार, आणि साने गुरुजी त्याचं प्रेमळ मन. मुलं-मुली एकत्र, जात विचारायची नाही, हा तिथला रिवाज त्या काळाच्या मानाने फार पुढचा होता. सेवा दलाच्या कलापथकांतून निळू फुले आणि राम नगरकर यांच्यासारखे कलावंत महाराष्ट्राला मिळाले. विदर्भातल्या गावांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या श्री गुरुदेव सेवा मंडळाची सुसंस्कार शिबिरं उन्हाळ्याच्या सुटीत भरतात. पहाटेची सामुदायिक प्रार्थना, ग्रामसफाई आणि व्यायाम हा त्यांचा क्रम अनेक घरांतल्या आजोबांनाही पाठ आहे.

या सगळ्याला सरकारी चौकट मिळाली ती गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी. २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास समाजाचं काम करायचं आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर करायचं, ही तिची रचना. भंडाऱ्याची महाविद्यालयं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी जोडलेली आहेत. त्यामुळे खेड्यातल्या मुलाला आयुष्यातलं पहिलं शिबिर बहुधा याच योजनेतून मिळतं. अनेक मुलींसाठी तर नातेवाइकांच्या घराबाहेर काढलेली ती पहिलीच रात्र असते.

सत्तर जणांचा भात

शिबिराची सगळी विद्या पाहायची असेल तर चुलीपाशी जाऊन बसावं.

माणशी दीडशे ग्रॅम तांदूळ धरला तर सत्तर जणांना साडेदहा किलो लागतो. भंडारा हा भात खाणारा मुलूख, तेव्हा त्याहून कमी धरून चालत नाही. तांदूळ निवडायला तास जातो. चूल तीन दगडांची किंवा खणलेल्या चराची, आणि लाकडं रात्रीच्या दवाने ओलावलेली. घरी कुकरची शिट्टी मोजणाऱ्या मुलामुलींना इथे पहिला धडा मिळतो तो हा की मोठ्या गंजात पाण्याचं आणि आचेचं घरचं गणित चालत नाही. खालचा भात शिजून लागायला येतो तेव्हा वरचा कच्चा असतो. मध्येच गावातली एखादी बाई कुंपणापलीकडून ओरडते, "लाकडं मांगं ओढ ना वं पोरी, भात लागून राहिला!" मग लाकडं मागे ओढायची, निखारे पसरायचे, झाकणावर थोडे ठेवायचे आणि वाफेवर भात सोडून द्यायचा. ही युक्ती त्या मुलीला कुठल्याच पुस्तकात सापडली नसती, आणि त्या बाईलाही आपल्याकडे शिकवण्यासारखं काही आहे हे एरवी कुणी सांगितलं नसतं.

स्वयंपाकाच्या गटात आठ-दहा जण असतात. कुणी वांगी-आलू चिरतो, कुणी वरणाकडे पाहतो, कुणी पाणी भरतो. पाणी भरणारा उशिरा उठला तर तांदूळ धुता येत नाहीत, तांदूळ धुतले नाहीत तर आधण वाया जातं, आणि श्रमदानाहून भुकेने परतलेली साठ माणसं ताटं घेऊन उभी राहतात. त्या रांगेकडे पाहताना पाणी भरणाऱ्याला जे वाटतं ते कुठल्याही शिक्षकाच्या रागावण्याने वाटणार नाही. दुसऱ्या दिवशी तो कुणी न उठवता उठतो.

मुलांनी पोळ्या लाटाव्यात आणि मुलींनी टिकाव घ्यावा, हा नियम चांगल्या शिबिरात पहिल्याच दिवशी लागतो. घरी ताट उचलून न ठेवणारा मुलगा सात दिवस राखेने गंज घासतो. पंगतीत कोण कुणाशेजारी बसलं, कुणी कुणाला वाढलं, हे कुणी मोजत नाही. जातीपातीवरच्या व्याख्यानाने जे घडत नाही ते एकाच गंजातलं जेवून बऱ्याच अंशी घडतं.

नाल्यावरचं काम

दुसरी जागा नाल्याची. थंडीच्या शिबिरात वनराई बंधारा हे ठरलेलं काम असतं. मोहन धारिया यांच्या वनराई संस्थेने महाराष्ट्रभर लोकप्रिय केलेला हा बंधारा सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांचा असतो. नाल्यात अजून थोडी धार आहे तोवर तो बांधायचा. पोती काठोकाठ भरायची नाहीत, थोडी रिती ठेवायची, म्हणजे ती एकमेकांवर दबून बसतात. तोंड दाभण-सुतळीने शिवायचं. विटांच्या बांधकामासारखे सांधे मोडत थर रचायचे, तळ रुंद आणि माथा अरुंद ठेवायचा, फटींत चिकणमाती ठासायची.

पोतं भरणारा, शिवणारा, वाहणारा आणि रचणारा अशी साखळी लागते. साखळीतल्या एकाने दम खाल्ला की सगळे थांबतात, म्हणून लोक आपसांत पाळ्या बदलून घेतात. कॉलेजात ज्याचं नावही कुणाला माहीत नव्हतं असा शेतकऱ्याचा मुलगा इथे सगळ्यांचा मुकादम होतो, कारण पाणी कुठून फुटेल हे त्याला दिसतं. गुणपत्रिकेवर जागा नसलेलं शहाणपण इथे सगळ्यांच्या उपयोगी पडतं. संध्याकाळपर्यंत पोत्यांमागे गुडघाभर पाणी चढलं की ते हरभऱ्याला, लाखोळीला, गुराढोरांना किती दिवस पुरेल याचा हिशेब गावातली माणसं तिथेच करू लागतात.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून बांधलेले आणि पुढे मालगुजारी म्हणून ओळखले गेलेले तलाव इथल्या धानशेतीचा आधार आहेत. त्यांतले कितीतरी गाळाने आणि बेशरमच्या झुडपांनी भरत चालले आहेत. बेशरम काढणं, पाळीवरची झुडपं तोडणं, ढिवर बांधवांकडून तलावातले मासे आणि पाणवनस्पती समजून घेणं ही शिबिराला साजेशी कामं आहेत. गावाला त्यांची गरज आहे आणि विद्यार्थ्याला आपल्या मुलखाची ओळख त्यातून होते. कामाची गरज खरी असली पाहिजे. दरवर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप लावून फोटो काढणारं शिबिर मुलांना कामाचा देखावा तेवढा शिकवतं, आणि मुलांना तो लगेच ओळखू येतो.

अभ्यासकांना काय दिसलं

शिबिराच्या परिणामांवर जगात बरंच संशोधन झालं आहे. त्यातल्या चार अभ्यासांकडे पाहू.

अमेरिकेत मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये ओक्लाहोमातल्या एका शिबिरात २२ मुलांचे दोन गट केले आणि त्यांच्यात चुरस लावली. काही दिवसांतच शिवीगाळ, झेंडे जाळणं, खोल्यांवर धाडी असे प्रकार सुरू झाले. दोन्ही गटांना नुसतं एकत्र जेवायला बसवून काही सुधारलं नाही. मग शिबिराचं पाणी बंद पडलं, सामानाचा ट्रक अडकला. या अडचणी संशोधकांनीच घडवून आणल्या होत्या. दोन्ही गटांनी मिळून दोर ओढला तेव्हाच ट्रक हलला आणि वैर ओसरू लागलं. मुलांच्या नकळत त्यांना भांडायला लावणारा असा प्रयोग आज कुणी करू देणार नाही आणि ते योग्यच आहे. पण शिबिरात नुसत्या स्पर्धा ठेवल्या तर गट तुटतात आणि सगळ्यांची गरज असलेलं काम ठेवलं तर जुळतात, हा त्यातला धडा प्रत्येक आयोजकाने ध्यानात ठेवावा.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये सहावीच्या मुलांचे दोन गट तपासले. ५१ मुलं पाच दिवस मोबाइल-टीव्हीशिवाय निसर्गशिबिरात राहिली, ५४ मुलं नेहमीसारखी घरी-शाळेत. चेहऱ्यावरून आणि हावभावांवरून समोरच्याच्या भावना ओळखण्याच्या चाचणीत शिबिरातल्या मुलांची प्रगती अधिक दिसली. पडदा दूर झाल्यामुळे की सोबत्यांमध्ये अखंड राहिल्यामुळे, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. शिबिरात मात्र दोन्ही गोष्टी एकत्रच येतात.

कोलोरॅडो विद्यापीठाच्या २०१३ मधल्या अभ्यासात आठ जण आठवडाभर डोंगरात तंबूत राहिले. उजेड फक्त सूर्याचा आणि शेकोटीचा. आठवड्याअखेर त्यांच्या शरीराचं घड्याळ सुमारे दोन तास अलीकडे सरकलं. रात्री एकला झोपणारी मुलं शिबिरात तिसऱ्या दिवसापासून नऊ-दहालाच जांभया देऊ लागतात, त्याचं कारण श्रमाबरोबर या उजेडातही आहे.

लांब पल्ल्याचा पुरावा ब्रिटनमधला आहे. १९५८ साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या सुमारे दहा हजार लोकांच्या माहितीचा अभ्यास २०१६ मध्ये एडिंबरा आणि ग्लासगोच्या संशोधकांनी प्रसिद्ध केला. लहानपणी स्काऊट किंवा गाइड असलेल्यांमध्ये पन्नाशीत चिंता आणि मनःस्थितीच्या विकारांचं प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी कमी आढळलं. असा अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. तरी स्वतःच्या हाताने करणं, गटात टिकून राहणं आणि उघड्यावर वावरणं यांची शिदोरी आयुष्यभर पुरत असावी, असं मानायला तो जागा देतो.

जंगलाच्या कडेला

निसर्गशिबिरासाठी भंडाऱ्यासारखा जिल्हा शोधून सापडणार नाही. नागझिरा अभयारण्य भंडारा आणि गोंदिया या दोन्ही जिल्ह्यांत पसरलं आहे आणि त्याचं पिटेझरी प्रवेशद्वार साकोली तालुक्यात आहे. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला, भंडारा शहराजवळच्या कोका अभयारण्यालाही त्याच वर्षी दर्जा मिळाला. व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्याच्या जंगलात मुक्काम करून त्यावर पुस्तक लिहिलं. पक्षीअभ्यासक किरण पुरंदरे तिथे चारशे दिवस राहिले आणि त्यातून ‘सखा नागझिरा’ साकारलं. जंगल समजायला मुक्काम लागतो, हे या दोघांच्या उदाहरणावरून दिसतं. जिप्सीतून वाघ शोधत धावणाऱ्याला ते कळणं अवघड.

अभयारण्याच्या आत तंबू ठोकायची मुभा नसते, ती मागूही नये. कडेच्या गावात राहून तलावाच्या पाळीवर मुलांना एकेकटं, दहा-दहा पावलांवर बसवावं. वीस मिनिटं बोलायचं नाही, जे ऐकू येईल ते वहीत टिपायचं. पहिली पाच मिनिटं चुळबुळ होते. मग खंड्याची हाक, अडई बदकांची शीळ, पानांतून सरकणारा सरडा असं एकेक वेगळं होऊ लागतं. नंतर वह्या एकत्र करून वाचल्या की प्रत्येकाने दुसऱ्याच्या कानाला न आलेलं काहीतरी ऐकलेलं असतं.

काळजी कशाची घ्यायची

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात, शिबिर घ्यायचं तर धोके नीट माहीत हवेत. पहिला धोका मण्याराचा. हा साप रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरतो, आणि त्याचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड होणं, गिळायला त्रास अशी लक्षणं दिसली की एक मिनिटही न दवडता रुग्णालय गाठावं. कापणं, चोखणं, आवळून बांधणं, झाडफूक यात वेळ घालवू नये. सतरंजीखाली खोचलेली मच्छरदाणी आणि रात्री बाहेर जाताना बॅटरी, एवढ्याने हा धोका बराच टळतो. सर्वांत जवळचं प्रतिसर्पविष कुठे आहे, याची खात्री शिबिराच्या आधीच करून घ्यावी.

दुसरा धोका पाण्याचा. वैनगंगा, गोसेखुर्दचं विस्तीर्ण पाणी आणि गावोगावचे तलाव पाहून मुलांना उतरायचा मोह होतो. पोहणं कार्यक्रमात नसेल तर पाण्यात पाय नाही, हा नियम मोडू देऊ नये. तिसरी गोष्ट झुडपांची. पावसाळ्यानंतर गवतात वाढणाऱ्या बारीक चिगर माइटमुळे स्क्रब टायफसचा ताप येतो आणि विदर्भाने त्याची साथ पाहिली आहे. श्रमदानाला पूर्ण बाह्या आणि परतल्यावर आंघोळ हा त्यावरचा उपाय. जंगलालगतच्या गावांत पहाटे किंवा अंधारात एकट्याने उघड्यावर जाणं वाघ-बिबट्यांमुळे धोक्याचं असतं, म्हणून चालू स्थितीतली शौचालयं असल्याशिवाय गाव निवडूच नये.

मुलींच्या राहण्याची वेगळी आणि बंद होणारी खोली, सोबत शिक्षिका, पाळीच्या दिवसांत न संकोचता विश्रांती मागता येईल असं वातावरण, आणि तक्रार कुणाकडे करायची हे पहिल्या संध्याकाळी सर्वांसमोर सांगणं, या गोष्टी पाळल्या की पालकांचा विश्वास बसतो. "पुढच्या वर्षी धाकटीलाही पाठवतो" असं एखादे वडील म्हणतात, तेव्हा त्या गावातल्या आणखी चार मुलींची वाट मोकळी होते.

आयोजकांसाठी

शिबिर बिघडतं ते बहुधा मोठ्यांमुळे. उद्‌घाटनाला दोन तासांचे सत्कार, दुपारी एकामागून एक चार व्याख्यानं, स्वयंपाकाला आचारी आणि बंधाऱ्याला जेसीबी. मुलं आरामात राहतात आणि कोरडी परततात. त्यांना सगळं आयतं दिलं की त्यांच्याकडे करण्यासारखं काही उरत नाही.

म्हणून शिबिराची पत्रिका छापण्याआधी आयोजकाने एक कागद घ्यावा. पाणी, सरपण, स्वयंपाक, वाढप, भांडी, अवजारं, प्रथमोपचार, हजेरी, वर्तमानफलक, शेकोटीचा कार्यक्रम, गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या भेटी अशी सगळी कामं एकाखाली एक लिहावीत आणि प्रत्येकासमोर मुलांची नावं घालावीत. सात दिवसांत एकदाही ज्याचं नाव कुठे आलं नाही असा मुलगा सापडला, तर कार्यक्रम बदलावा. लाजरा, अडखळत बोलणारा, चालायला त्रास असलेला, कुणाचंच नाव यातून सुटता कामा नये. गाठी बांधायला किंवा अवजारं मोजून घ्यायला धावावं लागत नाही.

याचं मोल शिबिर संपल्यावर कळतं. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला महापूर आला, भंडारा शहराच्या सखल वस्त्या आणि काठची गावं पाण्यात गेली. अशा रात्री शेकडो लोकांना एका छपराखाली आणावं लागतं, त्यांची नावं टिपावी लागतात, पाणी उकळावं लागतं, मोठ्या गंजात भात रांधावा लागतो आणि घाबरलेल्यांजवळ बसावं लागतं. ही सगळी कामं आधी कधीतरी हाताखालून गेलेली असावी लागतात. प्रत्येक गावात अशी दहा मुलं-मुली असतील तर मदत बाहेरून यायची वाट पाहत गाव हातावर हात धरून बसणार नाही. त्यासाठी दरवर्षी सात दिवस घालवले आणि थोडा भात लागला, तर तो व्यवहार जिल्ह्याला स्वस्तच पडेल.